नावाचा रकाना

आमच्या कुर्ल्याच्या गाळ्यात टीव्ही फुटायचे, कॉम्प्युटरची पोटं फाडली जायची. कंपनीचं नाव तेवढं पत्र्यावर शाबूत राहायचं. अब्बा म्हणायचे, "माल इनका, नाम इनका; अपने तो बस हाथ." त्या हातांवर तेजाबाचे डाग होते.

सुटीच्या दिवशी आम्ही भावंडं पिक्चर ट्यूबवरची तांब्याची तार सोडवायचो. ट्यूबच्या काचेत शिसं असतं हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. थोरले भाईजान स्टोव्हवर मदरबोर्ड तापवून चिपा काढत. त्या धुराचा वास जुम्म्याच्या धुतल्या कुडत्यालाही यायचा आणि अम्मी घर डोक्यावर घ्यायची. खोकल्यावरून मात्र कधी ओरडली नाही. खोकला सगळ्याच मोहल्ल्याला होता.

मग कायदा आला. ज्याने माल विकला त्यानेच तो निकामी झाल्यावर त्याची जबाबदारी घ्यायची. अमेरिकेत हे राज्याराज्यांनी आपापलं ठरवलं: कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल करायचं ठरवलं, मेनने २००४ मध्ये तो कंपन्यांवर टाकला. आपल्याकडचे नियम केंद्र सरकारचे. ते लागू झाले १ मे २०१२ ला, कामगारदिनीच! २०१६ मध्ये ते बदलले, १ एप्रिल २०२३ पासून पुन्हा नवे आले. आता कंपनीने नोंदणीकृत कारखान्याकडून प्रमाणपत्रं विकत घ्यायची आणि ठरलेलं उद्दिष्ट भरायचं. २०२३-२४ साठी ते ६० टक्के होतं.

या नियमांत राज्य सरकारवरही काही कामं टाकली आहेत. मोडतोड करणाऱ्या कामगारांना ओळख द्यावी, त्यांची नोंद करावी, त्यांना हुन्नर शिकवावं, औद्योगिक वसाहतीत जागा ठेवावी, दरवर्षी त्यांच्या आरोग्याकडे पाहावं. अख्ख्या कायद्यात आमच्यासाठी असलेलं कलम एवढंच. भाईजानांनी त्याची झेरॉक्स काढली आणि एका सरकारी कचेरीत गेले.

"मालक कोण?" साहेबांनी विचारलं.

"मीच."

"मग कामगार?"

"तोही मीच, साहेब."

फॉर्मात असा रकानाच नव्हता.

आमच्या धंद्यात विष होतं, हे आम्ही नाकारत नाही. स्टोव्ह बंद झाला ते चांगलंच झालं. भाईजानांची छाती मात्र तोवर गेली होती. आता ते माल न फोडता कारखान्याला देतात. पूर्वी तांबं, चिपा वेगळं काढून चार पैसे जास्त सुटायचे, आता सरसकट किलोचा भाव. काट्याच्या पावतीवर टेम्पोचा नंबर असतो आणि वजन. प्रमाणपत्र कारखान्याच्या नावे निघतं, उद्दिष्ट कंपनीचं भरतं.

झेरॉक्स घडीवर फाटली होती, म्हणून आम्ही नवीन काढली आहे. पुढच्या सोमवारी भाईजान पुन्हा त्या कचेरीत जातील. या खेपेला आम्ही सगळी भावंडं बरोबर असू.