श्रवणबेळगोळ : विंध्यगिरीवरील स्थैर्याचा पाठ

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात, चन्नरायपट्टणच्या जवळ, श्रवणबेळगोळ हे आपले परमपूज्य क्षेत्र आहे. विंध्यगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या, त्यांच्यामध्ये कल्याणी सरोवर आणि सभोवती लहानसे गाव, एवढाच त्याचा विस्तार. गावाला नाव मिळाले ते तळ्यावरूनच. बेळगोळ म्हणजे कानडीत शुभ्र तळे.

विंध्यगिरीवर जाण्यासाठी खडकातच कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत. पादत्राणे पायथ्याशी ठेवूनच चढावे लागते. ऊन वाढल्यावर दगड तापतो, म्हणून पहाटे निघणे श्रेयस्कर. पादत्राणे प्रत्येक जण ठेवतो. मोबाइल मात्र सहसा कोणाच्या हातून सुटत नाही. निम्म्या चढावर दुकानातून भाव विचारणारा फोन येतो, पैसे जमा झाल्याचा संदेश वाजतो. वर पोहोचल्यावर दर्शनाआधी छायाचित्र निघते, ते कुटुंबाच्या समूहावर जाते आणि नमस्कार करतानाही मन उत्तरांकडे लागलेले राहते.

समोर असतात सुमारे 57 फूट उंचीचे भगवान बाहुबली. इसवी सन 981 च्या सुमारास गंगराजांचे मंत्री व सेनापती चामुंडराय यांनी ही मूर्ती घडविली. टेकडीच्या माथ्यावरील अखंड ग्रॅनाइटमधून ती कोरलेली आहे. शिल्पकारांनी तिला बाहेरून काहीही जोडले नाही. नको तेवढा पाषाण काढीत गेले.

मूर्तीच्या पायांशी वारुळे आहेत, मांड्यांवरून दंडांपर्यंत वेली चढल्या आहेत. भरतावर विजय मिळवूनही राज्य सोडलेले बाहुबली एक वर्ष कायोत्सर्गात उभे राहिले, त्या तपाची ही खूण. एवढ्या तपानंतरही मनात एक सूक्ष्म विकल्प उरला होता, आणि तो गेल्यावरच केवलज्ञान प्रकटले, असे आपली परंपरा सांगते. एक विकल्प एवढा आड येत असेल, तर दर दोन मिनिटांनी नवा विकल्प हातात घेणाऱ्या आपल्या चित्ताची अवस्था काय असेल, हा प्रश्न या मूर्तीसमोर उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, आपण संसारी माणसे, व्यापार सोडून कसे चालेल? मागणी फोनवर येते, पैसे फोनवर येतात, कराचे विवरणही संगणकावरच भरावे लागते. हे खरे आहे. परंतु चामुंडरायही संसारीच होते. राज्यकारभार आणि युद्धे सांभाळीत त्यांनी कानडीत चामुंडराय पुराण रचले, आणि आचार्य नेमिचंद्रांचे ‘गोम्मटसार’ त्यांच्याच निमित्ताने सिद्ध झाले. अशा माणसाला एकांताचा वेळ आयता मिळाला नसणार. तो त्यांनी कामातून राखून ठेवला असला पाहिजे.

तो राखण्याची रीत श्रावकाचारात सांगितलेलीच आहे. दिग्व्रताने जन्मभरासाठी क्षेत्राची मर्यादा बांधायची आणि देशव्रताने ठरावीक काळापुरती ती आणखी आखडायची. अनर्थदंडविरती तर जणू आजच्या दिवसासाठीच आहे. तिच्यात त्याज्य मानलेल्या पाच गोष्टींपैकी दुःश्रुती म्हणजे चित्त कलुषित करणारे ऐकणे आणि प्रमादचर्या म्हणजे निष्कारण केलेली क्रिया. समूहावर आलेला भडक मजकूर ऐकणे, पुढे ढकलणे, हेतूविना पडद्यावर बोट फिरवीत राहणे यांना याहून नेमके शब्द सापडणार नाहीत. मागणीला उत्तर देणे हा अर्थ. त्यानंतरचा अर्धा तास हा अनर्थ.

बँकेत रोकड जुळल्याशिवाय काउंटर बंद होत नसे. पण जुळली की त्या दिवसाचा व्यवहार संपत असे. आज आपल्या पेढ्यांचा दिवस संपतच नाही. वास्तविक सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांना दिवस संपविण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. स्वयंपाकघराला जो नियम लागू आहे, तो फोनला लावणे कठीण नाही. सायंभोजनानंतर व्यापाराचा फोन बंद करावा आणि तो सकाळच्या देवदर्शनानंतरच उघडावा. ग्राहकांना व अडत्यांना ही वेळ आधी कळवावी. नियम पाळणाऱ्या पेढीची पत घटत नाही. सामायिकाच्या दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे, सर्वांचे फोन देवघराबाहेर एका टोपलीत असावेत, आणि टोपलीत पहिला फोन घरातील वडीलधाऱ्यांचा पडावा. मुले सांगितलेले कमी आणि पाहिलेले अधिक उचलतात.

मूर्तीच्या पायांजवळ मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांत गणला जाणारा शिलालेख आहे. मूर्ती चामुंडरायांनी करविली आणि भोवतालचे आवार गंगराजांनी, एवढेच तो सांगतो. दोन पुरुषांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कार्यांना एवढे थोडे शब्द पुरले. मराठी यात्रेकरूने तो आवर्जून पाहावा.

बारा वर्षांच्या परंपरेनुसार 2018 नंतरचा महामस्तकाभिषेक 2030 च्या सुमारास येईल. त्याची वाट न पाहता एखाद्या साध्या दिवशी, गर्दी नसताना जावे. पायथ्याशी पादत्राणांबरोबर फोनही बंद करून ठेवावा, आणि परत निघण्यापूर्वी घरी पाळता येईल असा एक नियम, महिन्यापुरता का होईना, घ्यावा.