आयत्या बिळावरचा नागोबा

सुपरहीरोंचा नवा खेळ मांडायचा ठरला की भिडूंपैकी एक जण हमखास म्हणतो, "मला स्वतःची पॉवर नकोच. समोरच्याची जी असेल ती मला घेता आली पाहिजे." बाकीचे लगेच त्याच्याकडे संशयाने बघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

ज्यांनी टेबलटॉप रोलप्लेइंग हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेममास्टर, म्हणजे जीएम. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. जीएम प्रसंग उभा करतो, भिडू आपलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जमलं की फसलं याचा निवाडा फासा करतो. मी बरीच वर्षं जीएमच्या खुर्चीत आहे आणि सुपरहीरो हा माझा खास प्रांत. त्यात नक्कलबहाद्दर, म्हणजे दुसऱ्याच्या शक्तीची नक्कल करणारं पात्र, बांधायला सर्वांत अवघड. त्याचं गणित फारसं अवघड नाही. खरी अडचण शेजारी बसलेल्या मित्राची आहे.

कॉमिक्समधली वंशावळ बघा. जस्टिस लीगच्या सगळ्या शक्ती गिळणारा अमेझो १९६० सालचा, मार्व्हलचे मिमिक आणि सुपर-अडॅप्टॉइड १९६६ चे. नुसतं बघून कुणाचीही लढण्याची ढब उचलणारा टास्कमास्टर १९८० मध्ये आला आणि रोग १९८१ मध्ये. हे सगळे आले ते विरोधक म्हणून. रोग आणि मिमिक पुढे एक्स-मेनमध्ये दाखल झाले, पण पहिली एन्ट्री पलीकडच्या बाजूनेच. याचं कारण सरळ आहे. खलनायकाने नायकाची शक्ती चोरली की लेखकाला नायकाची त्याच्या स्वतःशीच झुंज लावता येते, आणि अंक संपेपर्यंत चोराला हरवलं की विषय मिटतो. आमच्या टेबलावर मात्र हा चोर दर शनिवारी येतो, नायकांच्या बाजूने लढतो आणि ज्याची शक्ती उचलली त्याच्याच ताटलीतली भजी खातो. आगीचे लोळ फेकणारं पात्र एखाद्या मुलीने महिनाभर जीव लावून तयार केलं, आणि शेजारच्याने पहिल्याच लढाईत तेच लोळ फेकले, तर ती पुढच्या शनिवारी कशाला येईल?

म्हणून माझी कसोटी एकच. नक्कल झाल्यावर मूळ मालकाचा भाव वाढला पाहिजे. पात्र बांधताना घ्यायचा प्रत्येक निर्णय मी या कसोटीवर घासतो.

आता हिशेब. मी बहुतेक वेळा 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स'ची तिसरी आवृत्ती खेळवतो. स्टीव्ह केन्सन यांनी रचलेला हा खेळ ग्रीन रोनिनने २००२ मध्ये पहिल्यांदा आणला. यात पात्र पॉइंट खर्चून विकत घ्यायचं. दहाव्या पातळीच्या नायकाला १५० पॉइंट मिळतात. नकलेसाठी 'व्हेरिएबल' नावाची सोय आहे. तिच्या प्रत्येक रँकला ७ पॉइंट मोजायचे आणि बदल्यात हव्या तशा फिरवता येणाऱ्या ५ पॉइंटांची थैली मिळते. नऊ रँक घेतल्या तर ६३ गेले आणि ४५ ची थैली हाती आली. वरचे १८ हा लवचिकपणाचा कर.

या ४५ मध्ये आपली आगवाली मैत्रीण बसते का? दहा रँकचा दूरवर जाणारा आगीचा लोळ २० पॉइंटांना, आठ रँकचं उड्डाण १६ ला, अंगाभोवतीचं आठ रँकचं कवच ८ ला. एकूण ४४. बसली, वर एक पॉइंट उरला. नवा भिडू इथे खूश होतो. पण लोळ उसना मिळाला तरी नेम उसना मिळत नाही. समजा नक्कलबहाद्दराचा नेम +४ आहे आणि शत्रूला चुकवण्यात दहाची सफाई आहे. या सफाईत नियमाचे दहा मिळवायचे, म्हणून वीस बाजूंच्या फाशावर नेम मिळवून किमान २० यायला हवेत, म्हणजे फाशावर १६ किंवा वर; शंभरात पंचवीसची आशा. मैत्रिणीचा नेम +१० आहे, तिला १० पुरतात, शंभरात पंचावन्न. उरलेला तो एक पॉइंट नेमावर घातला तर +२ मिळतात आणि नक्कलबहाद्दर पस्तीसवर येतो. आग तीच, पण ती वापरावी तिनेच, हे फासा न भांडता पटवून देतो. मला हा हिशेब फार आवडतो. कुणी थैलीत अचूक नेमाचे पॉइंट आणखी कोंबायला लागला, तर मी त्याला उड्डाण किंवा कवच कापायला लावतो.

पुढचा निर्णय स्पर्शाचा. हात लावल्याशिवाय नक्कल नाही, अशी मर्यादा घेतली तर मी दर रँकला एक पॉइंट सूट देतो; ६३ चे ५४ होतात. नऊ पॉइंट वाचले म्हणून भिडू ही अट आनंदाने स्वीकारतो आणि मग खेळाचा नकाशाच बदलतो. मित्राला हात लावायचा तर त्याच्याजवळ जायला हवं, त्याने थांबायला हवं, एकमेकांना हाक मारायला हवी. शत्रूची शक्ती हवी तर अंगावर धावून जायचं, आणि तेही आपल्या मूळच्या तुटपुंज्या कातडीनिशी. शिवाय थैलीची नवी मांडणी करायला त्या पाळीची मुख्य कृती खर्च होते. ज्या पाळीत नक्कल केली त्या पाळीत हल्ला नाही. जास्त पॉइंट भरून हा वेळ कमी करता येतो. मी तो सौदा मंजूर करत नाही. ती एक वाया गेलेली पाळी म्हणजेच या पात्राचं नाट्य आहे. त्या पाळीत त्याला कुणीतरी सांभाळावं लागतं, आणि बहुधा ज्याची शक्ती घेतली तोच सांभाळतो.

वेळेचं काय, हा जीएमचा खासगी डोकेदुखीचा विषय. ऐन लढाईत ४५ पॉइंटांची बेरीज मांडायला बसलं की चहा गार होतो आणि लोक मोबाइल काढतात. पुस्तकातही या सोयीबद्दल जीएमला सावध केलेलं आहे. माझा उपाय पोस्टकार्डाच्या आकाराच्या कार्डांचा. गटातल्या प्रत्येक मित्राचं एक कार्ड घरूनच तयार करून आणायचं आणि त्यावर त्या मित्राची सही घ्यायची. सहीचा भाग मी गंमत म्हणून सुरू केला होता. पण सही करताना माणूस कार्ड वाचतो, "उड्डाण घे, पण माझा आगीचा घुमट नको घेऊस, तो माझा हुकमी एक्का आहे," असं सांगतो, आणि पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. अनोळखी शत्रू समोर आला तर ठरलेला साचा: एक हल्ला, एक हालचाल, एक बचाव. बाकी काही उचलायचं नाही.

'चॅम्पियन्स' हा १९८१ सालचा खेळ. त्याच्या घराण्यात या थैलीचं काम 'व्हेरिएबल पॉवर पूल' करतो, आणि तिथली आकडेमोड आणखी किचकट. हिशेबाची हौस असलेल्यांनी जरूर बघावा.

नकलेत काय येत नाही हेही आधी ठरवलेलं बरं. आयर्न मॅनला हात लावला तर काय मिळेल? माझ्या टेबलावर थंडगार पत्र्याचा स्पर्श. चिलखत हे यंत्र आहे, त्या माणसाची शक्ती नव्हे. बॅटमॅनकडून तर काहीच नाही. याच्या उलट टास्कमास्टर: त्याला कसब उचलता येतं, अतिमानवी शक्ती नाही. या दोन टोकांमधली आपली जागा भिडूने एका वाक्यात लिहून द्यायची. "सगळं" असं लिहिलं तर कागद परत.

सर्वांत चांगला नमुना मला अजूनही रोगचा वाटतो. ती शक्तीबरोबर आठवणीही ओढून घेते. कॅरल डॅनव्हर्स या दुसऱ्या नायिकेच्या आठवणी तिच्या डोक्यात अशा बसल्या की वर्षानुवर्षं त्यांनी तिला छळलं. आमच्या खेळात अशा गोष्टीला 'कॉम्प्लिकेशन' म्हणतात. ती आडवी आली की भिडूला हीरो पॉइंट मिळतो आणि पुढे अडचणीत तो वापरता येतो. तेव्हा नक्कल केली की मी मूळ मालकाला विचारतो, "तुझ्या पात्राची कुठली आठवण याच्याकडे गेली?" आगवालीने एकदा सांगितलं की तिच्या हातून तिचं राहतं घर जळालं होतं. तोवर हे टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं. पुढचा अर्धा तास कुणी फाशाला हात लावला नाही. नक्कलबहाद्दर तिला प्रश्न विचारत होता आणि ती सावकाश उत्तरं देत होती.

राहता राहिले ९६ पॉइंट, म्हणजे नकलेला कुणीच नसताना हा कोण आहे ते. अंगभूत गुणांना ४२, बचावाला २३, कौशल्यं आणि इतर बारीकसारीक गोष्टींना ३१, अशी वाटणी मी सुचवतो. शरीर मुद्दाम कमकुवत ठेवतो: चिवटपणा फक्त दोन. दहा रँकचा लोळ अंगावर आला की निभावायला एकूण २५ लागतात; उसन्या कवचाशिवाय ते जवळजवळ अशक्य, कवच असेल तर फाशावर १५ पुरतात. त्यातही कुणी त्याला सुन्न केलं तर थैली तिथल्या तिथे रिकामी होते. हवेत असेल तर खाली येतो, आणि पुन्हा उडायचं तर आधी मैत्रिणीपर्यंत पायी पोचावं लागतं.