मामूंचे दोन लाख

अम्मींना महिन्यातून दोनदा सोलापूरच्या दवाखान्यात न्यावं लागतं. एसटीची गर्दी आता त्यांना सोसत नाही, म्हणून मोहोळातच जुनी गाडी पाहिली. कर्ज सहज मिळत होतं, पण व्याज घरात आणायचं नव्हतं. मामूंनी दोन लाख कर्जे हसना दिले आणि वर म्हणाले, "घरात कागद कशाला?" मी ऐकलं नाही. सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब, उधारी लिहून ठेवण्याबद्दलच आहे. दोन साक्षीदारांसमोर हप्ते लिहिले. मामू जरा रुसलेच.

गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा होता. "कर्ज फिटलंय," असं मालक म्हणाला. तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत बयाणा दिला नाही. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. आरटीओत ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही आपल्या नावावर करायचा, हे बरेच जण विसरतात. मेकॅनिकला गाडी सकाळी, इंजिन थंड असताना दाखवली. गरम इंजिन खोड लपवतं.

आता महिन्याला मामूंना पाच हजार जातात, एक हजार दुरुस्तीच्या डब्यात. टायर उन्हाळ्याआधी बदलावे लागतील.