काम : शत्रु कीं पुरुषार्थ ?

आमच्या लहानपणीं दिवेलागणीला परवचा म्हणतांना षड्रिपूंचीं नांवें घोकावीं लागत : काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. पुढें संस्कृताच्या वर्गांत चार पुरुषार्थ पाठ झाले : धर्म, अर्थ, काम, मोक्ष. पहिल्या यादींत जो शत्रूंचा म्होरक्या, तोच दुसऱ्या यादींत मनुष्यजन्माचें साध्य ! आम्ही शिक्षक झाल्यावर एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारी कीं, गुरुजी, यांतलें खरें कोणतें ?

दोन्ही खरीं, असें शास्त्राचें उत्तर आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत काम हा वैरी ठरतो. सातव्या अध्यायांत धर्माला विरुद्ध नसलेला काम मीच होय, असें भगवान् सांगतात. म्हणजे दोष वासनेचा नव्हे, तिच्या बेबंदपणाचा. वात्स्यायनांनीं कामसूत्राच्या आरंभीं धर्म, अर्थ व काम या तिघांसही वंदन केलें आहे. षोडश संस्कारांत पहिला संस्कार गर्भाधानाचा. ज्या धर्मानें या गोष्टीला मंत्र दिला, त्यानें ती ओंगळ मानली असें कसें म्हणावें ?

परंतु आमच्या घरांतून पहिली यादी तेवढी टिकली. दुसरी पाठांतरापुरती उरली. मुलगी मोठी झाली कीं ‘कावळा शिवला’ एवढ्या दोन शब्दांत केवढ्या घडामोडीची बोळवण होई ! आमच्या थोरल्या बहिणीला प्रथम बाजूला बसविलें, तेव्हां तें कां हें कोणीच सांगितलें नाहीं. आपल्याला कांहीं भयंकर रोग जडला अशा समजुतीनें ती तीन दिवस रडत होती. सोंवळें सांभाळलें गेलें. पोरीचें मन सांभाळावें हें कोणाला सुचलें नाहीं.

या मौनाची किंमत कधीं कधीं प्राणांनीं द्यावी लागली आहे. 1890 सालीं कलकत्त्यास फुलमणी नांवाची अकरा वर्षांच्या आंतबाहेरची मुलगी पतीच्या बळजबरीनें मरण पावली. मुलीचें वय दहाच्या वर असल्यामुळें कायद्यानें तो बलात्कार ठरला नाहीं. 1891 सालच्या संमतिवयाच्या कायद्यानें ही मर्यादा बारा वर्षांवर नेली, तेव्हां पुण्यांत मोठें रण माजलें. परकी सरकारनें धर्मांत हात घालूं नये, असा लोकमान्य टिळकांचा पक्ष, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं शास्त्रवचनांच्याच आधारानें कायद्याचें समर्थन केलें. गृह्यसूत्रांत विवाहानंतर निदान तीन रात्रीं ब्रह्मचर्य सांगितलें आहे. वधू अजाण बालिका असती तर या नियमाची गरजच काय होती ? शास्त्र तेंच, पण कोणतें पान उघडावें हें वाचणाऱ्याच्या हातीं असतें.

पुढें 1929 च्या शारदा कायद्यानें मुलींच्या विवाहाचें वय चौदा ठरविलें व 1978 सालीं तें अठरा झालें. 2017 सालीं सर्वोच्च न्यायालयानें अठरा वर्षांखालील पत्नीशीं संग हाही बलात्काराचा गुन्हा ठरविला. संमतिवयाच्या वेळीं धर्म बुडाल्याची हांक उठली होती. धर्म मात्र अद्यापि शाबूत आहे.

आमची नात आतां अकरा वर्षांची आहे. सूनबाईंनीं परवां विचारलें, “मामंजी, हें सारें तिला सांगावें कोणीं ?” आमचें मत असें कीं शरीराचें ज्ञान आईनें द्यावें, तेंही वेळेच्या आधीं, म्हणजे भीति उरणार नाहीं. तिच्या भावालाही तें वगळूं नये; उलट त्याला एक गोष्ट अधिक सांगावी. सप्तपदींतलें सातवें पाऊल सख्याचें आहे. जिला सखी म्हणून घरीं आणावयाचें, तिच्या इच्छेला मान नसेल तर मंत्र म्हटला काय नि न म्हटला काय ! धर्माला अविरुद्ध असा काम तो हाच, असें आम्ही समजतों.

षड्रिपु आमच्या नातवंडांना तोंडपाठ आहेत. त्यांपैकीं एकाला पुरुषार्थाची पदवी कां मिळाली, हें समजावून देण्याचें काम आम्हां वडिलधाऱ्यांचें आहे.