चाकण ते आल्प्स, व्हाया उल्म

'शनिवारी कुठे जायचं?' हा प्रश्न चाकणच्या इंजिनीअरला श्टुटगार्टमध्ये पडला की उत्तर लोणावळा नसतं!

आपल्या पट्ट्याचं या शहराशी नातं तसं जुनं. मर्सिडीज मूळची इथलीच. 1995 मध्ये ती पिंपरीत टाटांच्या आवारात आली आणि 2009 मध्ये चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. माझा मावसभाऊही एका ऑटो कंपनीकडून सहा महिन्यांसाठी श्टुटगार्टला गेलेला. मग काय, सॅक भरली आणि पोचले!

पहिला थांबा उल्म, ट्रेनने तासाभरावर. इथल्या चर्चचं काम 1377 मध्ये सुरू झालं आणि 161 मीटरचा मनोरा पूर्ण झाला 1890 मध्ये. '513 वर्षांची डेडलाइन! बॉसला सांगायला हवं,' भाऊ म्हणाला. 2025 पर्यंत जगातलं सर्वांत उंच चर्च हेच होतं. मनोऱ्याला 768 पायऱ्या. मी निम्म्यातच बसकण मारली. हवा स्वच्छ असेल तर इथूनच आल्प्सची रांग दिसते.

ती जवळून पाहायची तर म्युनिकमार्गे ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक गाठा. जुन्या शहरातल्या चौकात सम्राट मॅक्सिमिलियनच्या काळातलं 'सोनेरी छप्पर' आहे. तांब्याची 2,657 कौलं, त्यांवर सोन्याचा मुलामा. तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर झाहा हदीदने डिझाइन केलेलं, 2007 मध्ये सुरू झालेलं रेल्वे स्टेशन. ही डोंगरी रेल्वे आणि पुढे दोन केबल कार. अर्ध्या तासात आपण 2,256 मीटरवर! म्हणजे कळसूबाईच्याही 600 मीटर वर. खाली शहर, समोर बर्फ, शेजारी काठ्या टेकत निघालेल्या दोन आजीबाई.

'आपण गाड्या बनवतो आणि बेस्ट वीकेंड झाला गाडीशिवाय,' भाऊ हसला. मग म्हणाला, 'आपल्याकडे असं जुनं काय आहे गं?'

'संग्रामदुर्ग.'

'कुठे आला हा?'

'चाकणमध्येच. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला जवळपास दोन महिने झुंजवलं, तो भुईकोट.'

पाच वर्षं कंपनीच्या बसने रोज चाकणवरून जाणारा माझा भाऊ गप्पच झाला. बसच्या खिडकीतून त्याला दिसलं ते फक्त ट्रॅफिक.

परत आल्यावरच्या पहिल्याच शनिवारी आम्ही तिथे गेलो. उरलेले बुरूज, थोडी तटबंदी. तिकीट नाही, केबल कार नाही. पण भावाने फोटो मात्र उल्मपेक्षा जास्त काढले.