शाळा बंद, हिशोबाची वही चालू



मार्च 2020 च्या मध्याला शाळा बंद झाल्या, 25 तारखेपासून टाळेबंदी लागली आणि आमचं सांगलीतलं कापडाचं दुकानही बंद पडलं. ऐन लग्नसराईचा माल तसाच गाठोड्यात राहिला. लेक तेव्हा आठवीतून नववीत गेलेली. जूनपासून मोबाइलवरचे वर्ग दुपारी बारालाच संपायचे. "आई, मी काहीतरी विकू का?" असं तिनं विचारलं तेव्हा घरात सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. सासूबाई मात्र म्हणाल्या, "आदिनाथ भगवंतांनी शिकवलेल्या सहा कर्मांत वाणिज्य आहे की! हसता काय?"

पहिला धंदा मास्कचा. दुकानातले सुती कटपीस आणि माझं शिलाई मशीन. महिनाभर बरा चालला, मग गल्लोगल्ली मास्क मिळू लागले आणि खप थांबला. दुसरा धंदा राख्यांचा. 3 ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. रेशमासाठी कोशातला जीव उकळून मारतात, हे तिला आजीनं सांगितलेलं, म्हणून सगळ्या राख्या सुती दोऱ्याच्या. "अहिंसक राखी" असं तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं आणि आपल्या समाजातल्या बायकांनी दोन दिवसांत सगळ्या उचलल्या. पण राखी वर्षातून एकदाच.

टिकला तो तिसरा धंदा: शेंगदाण्याची चटणी. बाजारात मिळते त्यात बहुतेक वेळा लसूण असतो, आपल्या घरी ती चालत नाही. हिनं जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटायला सुरुवात केली. पाव किलोच्या पाकिटाला दाणे, मसाला, पिशवी, गॅस धरून 46 रुपये खर्च, विक्री 80 ला. वहीत लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि माझी मजुरी कुठं लिहायची?" हे म्हणाले, "ते जे उरलंय ना, त्यातच तुझी मजुरी आहे. ती वजा केल्यावर जे राहील, तो नफा."

एक गोष्ट सांगून ठेवते. घरचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. 2020 मध्ये वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची, शुल्क वर्षाला 100 रुपये होतं. मुलगी अज्ञान असल्यानं नोंदणी माझ्या नावावर आणि पैसेही माझ्याच खात्यात. वही मात्र तिची.

अडतीस पाकिटं गेल्यावर एक दिवस सासूबाई काट्याजवळ येऊन बसल्या. पोरगी पिशवीसकट 250 ग्रॅम भरत होती. त्यांनी रिकामी पिशवी काट्यावर ठेवली, सहा ग्रॅम भरली. "याला काय म्हणतात माहीत आहे? हीनाधिकमानोन्मान. अचौर्य व्रताचा अतिचार आहे हा." पोरीचा चेहरा उतरला. "आजी, सहाच ग्रॅम आहेत." "सहा ग्रॅम अडतीस वेळा." तिनं गुणाकार केला आणि गप्प झाली. 228 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक पाकीट. दुसऱ्या दिवशी तिनं छोट्या पुड्या बांधल्या आणि वहीतली नावं बघून प्रत्येकीला पोचवल्या. दोघींनी हसून नको म्हटलं, तरी ती ठेवून आली.

खरी परीक्षा पुढे होती. एका दुकानदारानं वीस किलोची मागणी दिली, पण माल महिनाभर मांडणीवर राहणार होता. हिच्या पाकिटावर लिहिलेलं होतं "मर्यादेतली, ताजी". दळल्या-कुटलेल्या पदार्थाची मर्यादा आपल्याकडे थंडीत सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस. दिवस पावसाचे होते. आमचं दुकान उघडलं होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं; भाडं थकलेलं. हे म्हणाले, "त्या वीस किलोवर ती ओळ छापू नकोस, म्हणजे खोटंही होणार नाही." बोलणं चुकीचं नव्हतं. मीही तेच म्हटलं असतं. लेकीनं रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितलं, "पप्पा, ती ओळ काढली की ती कुणाचीही चटणी झाली. मग माझ्याकडून का घेतील?" मागणी गेली. त्या महिन्याचं भाडं आम्ही माझ्या भावाकडून उसने घेऊन दिलं, हेही लिहायला हवं. नाहीतर हे सगळं फुकटात झालं असं वाटेल.

दशलक्षण पर्वात मंदिर बंद होतं, पूजा घरातच. उत्तम त्यागाच्या दिवशी तिनं वही उघडली आणि ज्ञानदान म्हणून वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मोबाइलला तीन महिन्यांचं रिचार्ज मारलं. त्या मुलीच्या वडिलांचं काम सुटलं होतं आणि तिचे वर्ग बुडत होते. हे तिनं मला न विचारता केलं. मला वहीतल्या नोंदीवरून कळलं.

मग शाळा सुरू झाली. चटणी फक्त रविवारी, तीही आगाऊ मागणी आली तरच. परवा तिनं वही चाळून सांगितलं, की मजुरी धरली तर मास्कमध्ये तोटाच झाला होता. तुमच्या घरात असं काही विकू पाहणारं पोर असेल तर त्याला आधी एक वही द्या आणि काट्याजवळ घरातल्या एखाद्या आजीला बसवा.