शंभर दिनारांचे कर्ज

ख्रिस्ती समाजात 'कृपा' हा शब्द जितका कानी पडतो तितका तो आचरणात दिसत नाही, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. देवाने आपणांवर कृपा करावी याविषयी सर्वांचे एकमत असते; परंतु शेजारच्या बाकावरील मनुष्यावर आपण ती करावी की नाही, असा प्रश्न निघाला म्हणजे सौम्य माणसेही काटेकोर हिशेबनीस बनतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात निर्दय चाकराचा दाखला आहे. राजाने ज्यास १०,००० तालांतांचे कर्ज सोडले, त्यानेच १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. पहिले कर्ज जन्मात न फिटणारे, हे उपदेशक नेहमी सांगतात. दुसरेही क्षुल्लक नव्हते, हे सहसा कोणी सांगत नाही. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर गरिबाची चूल थंड पडते. म्हणून 'झाले गेले, त्यात काय एवढे!' असे दुखावलेल्यास म्हणणे ही कृपा नव्हे. कर्ज खरे आहे असे मान्य करून वसुली सोडणे, ही कृपा. त्याच अध्यायात, भावाने अपराध केल्यास प्रथम त्यास एकांतात गाठून अपराध दाखवावा, असेही सांगितले आहे.

याचे मराठीतील उत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे होय. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्यास काही वर्षांचा दुःसह वियोग आला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये पतीचा संताप, लहरीपणा, हाती आलेला पैसा उधळून मोकळे होणे, हे सारे त्यांनी लिहिले आहे. त्यात झाकाझाक नाही, तशी फिर्यादही नाही. हिशेब पुरा मांडला आहे, मागणी मात्र कोठेच नाही.

आमच्या मंडळीतही एक वृद्ध गृहस्थ होते. प्रार्थना सुरेख करीत, पण जीभ फार तिखट. एका शिक्षिकाबाईंचा त्यांनी भरसभेत अपमान केला. बाईंनी त्यांच्या घरी जाऊन, आपणांस काय लागले ते स्पष्ट सांगितले. गृहस्थ गप्प बसले. पुढे ते अंथरुणास खिळले तेव्हा रोज सायंकाळी पेज घेऊन जात त्या याच बाई. त्यांनी कधी क्षमा मागितली काय, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "नाही. मागितली असती तर बरे वाटले असते. पण तेवढ्यासाठी पेज थांबवून कसे चालेल?"

निर्दोष माणसांची मंडळी पृथ्वीवर कोठेही नाही. अशा बाई आहेत, म्हणूनच सदोष माणसांची मंडळी टिकून राहते.